टाळी पडेपर्यंत

बोलता बोलता त्या स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायच्या. तुम्हाला वाटलं असतं, बाई आपल्यालाच गप्प करताहेत. पण गप्प करायचं असायचं ते शब्दात नको तिथे घुसणाऱ्या 'उ'ला. त्यांच्या जपानी जिभेला जोडाक्षरं जड जायची. डेस्कचं 'देसुकु' व्हायचं, प्रिंटरचं 'पुरिंता'. "पुन्हा 'उ' सांडला," म्हणून त्याच आधी हसायच्या.

इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आम्ही समोरासमोर बसायचो. पदवीदान समारंभात नावं वाचायचं काम या बाईंनी मागून घेतलं होतं! सगळ्यांनी भुवया उंचावल्या. मीही, खोटं कशाला बोलू?

त्यामागचं कारण त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या समारंभात वाचणाऱ्याने त्यांचं नाव घाईघाईत उरकलं. जपानहून आलेल्या आईला ते मुलीचं नाव आहे हे कळलंच नाही.

"आईचे हात मांडीवरच राहिले," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत सॉरी म्हणायची."

म्हणून त्या प्रत्येक मुलाला कॅन्टीनमध्ये गाठून विचारायच्या, "तुमची आई कशी हाक मारते?" उत्तर त्यांच्या जपानी लिपीत कार्डावर उतरायचं. 'उ' सांडायची भीती तिथे लाल ठिपका. आणि समारंभात घरच्यांची टाळी ऐकल्याशिवाय पुढचं कार्ड उचलायचं नाही. कार्यक्रम लांबायचा, पाहुण्यांचं जेवण निवायचं. शेवटी मॅनेजरने बजावलं, "यंदा उशीर झाला, तर पुढच्या वर्षी रेकॉर्डेड आवाज."

नेमकी त्याच वर्षी माझी मुलगी मृण्मयी आमच्याच कॉलेजातून पास झाली. शाळेपासून ती सगळ्यांची 'मिया'; मृण्मयी म्हणणारी मी एकटीच.

समारंभात बाईंनी तिचं कार्ड उचललं. ओठांवर बोट ठेवलं, काढलं.

"मुरुण्मयी जोशी."

मला रडूच फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या विरल्याही. माझे हात डोळ्यांवर होते. बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. बाई थांबल्याच. मग कुठे मी भानावर येऊन टाळ्या वाजवल्या.

नंतर त्या लगबगीने आमच्याकडे आल्या. "सॉरी, मिसेस जोशी. एक 'उ' सांडला."

"नो, नो," मृण्मयी मध्येच म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "आई, त्यांना सांग ना, तो 'उ' राहू दे. आय लव्ह इट."

पण उशीर झाला तो झालाच. बाईंचं नावं वाचायचं काम गेलं, आणि त्यात माझ्या रडण्याचाही वाटा होता, हे मला आजही खुपतं. वर्षभराने त्या जपानला परतल्या.

आता रेकॉर्डेड आवाज नावं वाचतो. एकही 'उ' सांडत नाही आणि कोणासाठी थांबतही नाही. परवाच्या समारंभात, सकाळी आईला घेऊन आलेल्या ज्या मुलाला मी पदवीचा गाऊन दिला, त्याचं नाव झालं. त्याची आई मात्र पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून अजून त्याच्या नावाची वाट बघत बसली होती. मी मागे उभी राहून एकटीच टाळ्या वाजवायला लागले. लोक वळून बघायला लागले. त्या आईचे हात टाळीसाठी वर आले, तेव्हाच मी थांबले.