पानांआडची ट्रॉली

देवीच्या दर्शनाला निघाले होते, इच्छापूरची बस चुकली म्हणून मी हात दाखवला, तर थांबली ती काचेला कॅमेरा चिकटवलेली गाडी. आत मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक पोरगी होती. नाव विचारायचं राहिलंच, तिची बडबड थांबेल तर ना! समोर वाहन आलं की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची आणि ही चुटकी वाजवायची.

"आजी, यंत्राला वाहन दिसलं तरच ते ब्रेक लावेल. आज शेवटची चाचणी, एकही सुटायला नको."

ट्रक, चुटकी. रिक्षा, चुटकी.

तेवढ्यात केळीच्या पानांनी पार झाकलेली ट्रॉली पुढे आली. चौकट उमटलीच नाही. "मॅडम, सामने ट्रॉली है!" ओरडत ड्रायव्हरनेच करकचून ब्रेक दाबला. यंत्राला ते झाड वाटलं होतं. पोरीचा चेहरा पडला.

मी मात्र पोट धरून हसले. "अगं, बाविसाव्या वर्षी मीही मोपेड अशीच पानांनी भरलेल्या बैलगाडीत घातली होती. ऐटीत गॉगल लावलेला, वाटलं मळाच आहे! दोन दिवस केसांतून पानं निघत होती. पानं नको बघू बाई, खाली चाकं बघ."

ती खुदकन हसली. "म्हणजे यंत्र अजून बावीस वर्षांचंच आहे. चाचणी गेली, पण शिकवायला ट्रॉली तर मिळाली! भैया, इसके पीछे लो."

चाकांचे फोटो काढता काढता इच्छापूर मागे पडलं, देवीचं दर्शन राहिलं.

आता ट्रॉली दिसली की मी आधी चाकं शोधते, मग चुटकी वाजवते. गॉगल मात्र अजून सोडलेला नाही.