कॉफी हाउसात मुलगी बघणे

मुलाने घरी पोहे खायला यायचं नाकारलं, तेव्हा मावशीचं डोकंच फिरलं. काका केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, बदलीवर चंदीगडला आलेले. मी अमरावतीहून उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे गेले होते. म्हणायला सुटी, पण माझं सव्विसावं सरत आलं होतं आणि मावशीने तिथला एक मराठी मुलगा हेरून ठेवला होता. मूळचा नागपूरचा, विद्यापीठात संशोधन करणारा. त्याने निरोप पाठवला की असले कार्यक्रम त्याला पटत नाहीत, मुलीला तो सेक्टर सतरा दाखवेल आणि तिथेच बोलणं होईल.

"पोहे नको म्हणे! मंग पोरीले पाहणार कसा?" मावशी म्हणाली.

"डोळ्यांनी," काका म्हणाले.

सत्तरनंतरची ती पहिली वर्षं होती. सेक्टर सतराच्या फरसबंद चौकात गाड्यांना मज्जाव. कारंज्याच्या कडेला खांद्यापर्यंत केस वाढवलेली, बेलबॉटम घातलेली मुलं पसरलेली. पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या अर्धं पुस्तक वाचलं तरी मालक खाकरत नव्हता. आर्ट कॉलेजची एक मुलगी पायरीवर एकटीच सिगरेट ओढत बसली होती, नखांत निळा रंग. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मीच तेवढी टक लावून पाहत होते.

तो दाढीवाला, खादीच्या झब्ब्यातला, बोलायला मोकळा. तिथल्या कॉफी हाउसात बसल्यावर कवींचं टेबल कुठलं, नाटकवाल्यांचं कुठलं, त्यांच्यात बोलणं का बंद आहे, हे त्याने रंगवून सांगितलं. मी शाळेत भूगोल शिकवते म्हटल्यावर हसला नाही. मला तो आवडला. लग्नानंतर रविवारी चौकातल्या कुठल्या खांबाला टेकून वाचत बसायचं, तेही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

एकच अडचण होती. मुलगी दाखवताना हातात बशी असते, नजर कुठे ठेवायची ते ठाऊक असतं. इथे वेटर होता, त्यामुळे मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना.

कॉफी आली, किटली, दूध, साखर असं वेगवेगळं. तो तेव्हा नेमका बघण्याच्या कार्यक्रमांवरच बोलत होता. बाईला ट्रे घेऊन चार लोकांपुढे उभं करायचं हा तिचा अपमान आहे, आपल्या पिढीने तरी तो थांबवायला हवा, वगैरे. बोलता बोलता त्याने ट्रे माझ्यासमोर सरकवला.

"दोन चमचे," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

मी ओतली. हातांना काम मिळालं म्हणून क्षणभर बरंही वाटलं, आणि त्याचाच मला राग आला. आपण काय केलं ते त्याला कळलंही नाही. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दोन दिवसांनी त्याचा होकार आला. मावशीने माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी तो गिळला आणि नाही म्हणाले.

"काऊन? दाढीसाठी?"

"दाढी चांगली आहे."

"मंग?"

मी ट्रेचं सांगितलं. सांगताना मलाच ते पोरकट वाटत होतं. एवढ्याशा कारणासाठी मी तो चौक, ती पुस्तकं, सगळंच सोडत होते, आणि वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

"त्यात काय एवढं, बाप्पा? कोणीतरी ओततेच ना!"

"हो, पण कुणीतरी म्हणजे कोण?"

मावशी काही बोलणार, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला, "अगं, चहाचं काय झालं?"

मावशी लगेच उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, थांबली आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहिली.

"नाही म्हणून कळवतो मी," ती हळूच म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्टोव्ह पेटवला.