शुक्रवारचा पाव

कुमुदिनी टिपणीसला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर 'तुझ्यासाठी' या शब्दाचा.

एक्क्याण्णव साली गुरुदत्त टिपणीस दीड महिन्याचं ट्रेनिंग आटपून जपानहून अंबरनाथला परतले. रंगाच्या कारखान्यात ते प्रॉडक्शन ऑफिसर. जाताना कुमुदिनीनं एकच सांगितलं होतं, "अहो, मला एक चांगलं मनगटी घड्याळ आणा. बाकी काही नको." आले ते छातीशी भलंमोठं खोकं कवटाळून. आत पांढरीशुभ्र पेटी, तिला झाकण, झाकणाला काचेची खिडकी.

"पाव करायचं मशीन. पीठ टाकायचं, बटण दाबायचं, चार तासांनी पाव बाहेर! तुझ्यासाठी आणलं."

"आणि घड्याळ?"

"याच्यात आहे की घड्याळ. हे बघ, आकडे उलटे मोजतं."

सासूबाई, म्हणजे माई, जपमाळ थांबवून म्हणाल्या, "गुरू, आपल्या घरात पाव खातं कोण?"

"आता खातील सगळे, माई."

खातील सगळे, आणि करील कोण, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मशीन जपानच्या विजेवर चालणारं. त्याला आपली वीज द्यायची तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. तो उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून आला, पाट्याएवढा जड, आणि चालू केला की ओट्यावर भुंग्यासारखा घुमायला लागला. सोबतचं पुस्तक जपानी. मोजायचा पेला गुरुदत्तांनी सामान हलकं करायला तिकडेच टाकून दिलेला. पहिला पाव निघाला तो हातातून ताटलीत पडला तेव्हा बाहेरच्या खोलीत माई दचकल्या.

"बटण चुकलं असेल तुझं," गुरुदत्त म्हणाले.

बटण एकच होतं.

कुमुदिनीनं तो पाव पिशवीत घातला आणि शेअर रिक्षानं तडक कॅम्प तीन गाठला. तिथल्या वासूमलच्या बेकरीत फळीवर तो पाव आपटून म्हणाली, "साईं, इसका क्या बिगडा है, बताव."

वासूमलनं पाव उचलला, ठोकला, वास घेतला. सिंधी माणसं पावाला 'डबल' म्हणतात. "भाभी, ये डबल नही. ये तो दीवार में लगाव."

"मजाक मत करो. पानी कितना डालने का?"

"आज गरमी कितनी है?"

"वो मेरेकू क्या मालूम!"

"तो फिर मेरेकू पानी क्या मालूम? मशीन टाईम देखता है, भाभी. तुम आटा देखो."

आणि त्यानं तिला दुकानाच्या मागे नेलं. परातीएवढा कणकेचा गोळा दाखवला. दोन बोटं खुपसायला लावली. खळगा हळूहळू भरून आला तर थांबायचं, तसाच राहिला तर उशीर झाला. असे बुधवारमागून बुधवार ती गेली. परत आली की वहीत लिहायची. 'मार्च, दुपार. पाणी दोन चमचे कमी.' 'श्रावण. पीठ सर्दावलेलं. यीस्ट पाऊण चमचा.' लग्नाआधी दोन वर्षं ती शाळेत शिकवत होती. अक्षर अजून तसंच होतं, वळणदार.

आठ महिन्यांनी पाव फुगला. काचेच्या खिडकीला येऊन टेकला. कुमुदिनी ओट्यापुढं उभी राहून एकटीच हसली.

त्या शुक्रवारी गुरुदत्तांनी चार ऑफिसर बायकांसकट घरी बोलावले.

आता शुक्रवारचं सांगायला हवं. अंबरनाथच्या कारखान्यांना रविवारी नाही, शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी त्या पट्ट्यात वीज कापायची असते म्हणून. म्हणजे साहेब घरी असणार त्याच दिवशी लाईट जाणार. आणि लाईट गेली की मशीन सगळं विसरायचं. परत आली की पहिल्यापासून, जणू आत पीठ नव्हतंच. पहिल्याच मेजवानीत हे झालं. कुमुदिनीनं ओला गोळा बाहेर काढला, हातानं मळला, कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाला वाळू घातली आणि डब्यात ठेवून गॅसवर भाजला. पाव दिवाणखान्यात गेला.

"वा! हे मशीननं केलं?"

"मग!" गुरुदत्त म्हणाले. "हिला काय करायचं असतं त्यात? बटण दाबायचं फक्त."

स्वयंपाकघरात कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाळू काढताना मनगट भाजलं होतं, बरोबर तिथं, जिथं घड्याळ असतं.

दीड वर्षात हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं, कोण जाणे. दरवेळी दात ओठ खाऊन ती ट्रे उचलायची. माई बोलल्या एकदा, "अगं, सांग की त्याला." ती म्हणाली, "माई, डोळे आहेत त्यांना."

मग बदलापूरच्या शिरगावातून शालन प्रधान आली, तिथल्या महिला मंडळाची चिटणीस. पावाचा तुकडा तोंडात, आणि सरळ कुमुदिनीचा हात धरून, "वहिनी, आमच्या बायकांना शिकवाल का हो? तुम्ही. फळा देते, टेबल देते, चाळीस बायका देते."

तुम्ही. लग्नाच्या एकोणीस वर्षांत या घरात येऊन कुणी तिला असं काही मागितलं नव्हतं. ती 'हो' म्हणाली ते इतक्या मोठ्यानं की माईंची माळ पुन्हा थांबली.

त्या आठवड्यात तिनं वही पुन्हा नीट उतरवून काढली. बोलायचं काय ते डाळ निवडताना पुटपुटत बसली. आणि गुरुवारी जेवताना गुरुदत्त म्हणाले, "शालनताईंशी फोनवर बोललो मी. उद्याचं ठरवलंय. शुक्रवार, म्हणजे मला यायला मिळेल."

"तुम्हाला कशाला?"

"अगं, मशीनची माहिती कोण देणार? तू बावरशील. तू बस पुढं, पीठबीठ लागलं तर दे."

"अहो, शुक्रवारी लाईट जाते."

"शिरगावला नाही जात. विचारलंय मी."

"कुणाला?"

"आहेत ओळखी."

कुमुदिनीनं ताट तसंच सारलं. सकाळी निघताना तिच्या पिशवीत कुकर होता, वाळूची पुरचुंडी होती.

"कुकर कशाला?" रिक्षात मशीन मांडीवर आणि ट्रान्सफॉर्मर पायाशी घेऊन गुरुदत्त हसले. "पिठलं करणारेस?"

मंडळाच्या हॉलमध्ये फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: 'पावाचे यंत्र. प्रात्यक्षिक: श्री. गुरुदत्त टिपणीस. साहाय्य: सौ. टिपणीस.' शालन जवळ येऊन कुजबुजली, "वहिनी, फोनवर साहेब म्हणाले, तुम्हालाच असं हवंय म्हणून..." कुमुदिनी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. पिशवी पायाशी.

गुरुदत्त छान बोलले. जपानी शिस्त, जपानी रस्ते, जपानी संडास. मशीनकडे यायला पाऊण तास. मग मैदा, पाणी, यीस्ट, सगळं तिनं घरून मोजून आणलेलं, त्यांनी आत ओतलं. "आणि आता काय करायचं? बटण दाबायचं. फक्त!"

मशीन घुमलं. पहिल्या रांगेतल्या द्रौपदीबाई, मंडळाच्या अध्यक्षा, टाळ्या वाजवणार तेवढ्यात डोक्यावरचे पंखे मंदावले आणि थांबले.

"लाईट गेली," द्रौपदीबाई म्हणाल्या. "शुक्रवार ना आज."

"येईल, येईल," गुरुदत्त म्हणाले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. झाकण उघडलं, बंद केलं. दहा मिनिटं गेली. कपाळावरून घाम निथळायला लागला.

"भाऊ, आतलं पीठ वाया जाणार का?"

"नाही नाही. त्याचं काय असतं, की..."

काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मागं पाहिलं. "कुमुद, जरा बघ गं इकडे."

कुमुदिनी हलली नाही. आत्ता उठलं तर पाव होईल, आणि उद्यापासून तोही मशीनचाच. नाही उठलं तर या चाळीस बायका घरी जाऊन सांगतील, पाव काही आपल्याला जमायचा नाही. पिशवीचा बंद तिच्या मुठीत पिळून निघाला.

"कुमुद! काढ ना तो कुकर!"

"कशाला?" ती शेवटच्या रांगेतून म्हणाली. "पिठलं करायला?"

कुणीतरी फिसकन हसलं. गुरुदत्त चार पावलं पुढं आले, आवाज खाली. "इथं तमाशा नको. नंतर बोलू."

"दीड वर्ष नंतरच चाललंय." ती उभी राहिली. आवाज हॉलभर. बावरलेला अजिबात नव्हता. "आधी फळा पुसा."

"काय?"

"फळा. तुम्ही पुसा. शालनताई, त्यांना डस्टर द्या."

शालननं दिलं, अगदी तत्परतेनं. गुरुदत्तांनी एकदा बायकांकडे पाहिलं. चाळीस जणी त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि एकीच्याही तोंडावर दया नव्हती. त्यांनी फळा पुसला. खडूची भुकटी शर्टावर पडली.

"आता बसा. तिथं, मी बसले होते तिथं."

कुमुदिनीनं पदर खोचला. फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: 'पाव. कुमुदिनी टिपणीस.' मशीनमधला गोळा बाहेर काढून टेबलावर आपटला. तो असा आपटला की पहिली रांग मागं सरली.

"हे आता पुन्हा चालू केलं तरी पहिल्यापासूनच फिरेल. ते विसरतं. आपण विसरायचं नाही. या, जवळ या. बोटं खुपसा. द्रौपदीबाई, तुम्ही आधी."

मळणं झालं, झाकून ठेवणं झालं, तास गेला, एकही बाई उठली नाही. चहाच्या स्टोव्हवर कुकर चढला. डब्यातून पाव निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "वरून पांढराच राहिला की!"

"राहतोच. शेवटी उलटा करून दहा मिनिटं ठेवायचा. मशीनमध्ये असं होत नाही. पण मशीनला शुक्रवार कळत नाही."

परतीच्या रिक्षात गुरुदत्त शर्टावरचा खडू झटकत राहिले. मग म्हणाले, "चार लोकांत माझी शोभा केलीस."

"चाळीस होते."

"मी ते तुझ्यासाठी आणलं होतं, कुमुद."

"मी घड्याळ सांगितलं होतं."

त्यानंतर दर शुक्रवारी कुमुदिनी शिरगावला शिकवायला जाऊ लागली, कुकर घेऊन. लाईट असो नसो. घरचा पाव मात्र तिनं बंद केला. पाहुणे आले की कांदेपोहे. गुरुदत्त पाहुण्यांना सांगत राहिले, "मशीन मी आणलं, म्हणून ही शिकली." हे ऐकलं की तिचा राग पहिल्या दिवसाइतकाच ताजा व्हायचा. तो तिनं कधी निवू दिला नाही.

एका शुक्रवारी सकाळी, लाईट जायच्या आधी, गुरुदत्त स्वतःच ओट्यापुढं उभे राहिले. हातांना पीठ, पुढं मशीन, ट्रान्सफॉर्मरचा भुंगा सुरू.

"पाणी किती घालायचं गं?"

ती दारात चपला घालत होती.

"निदान ती वही तरी दे."

तिनं वही कुकरमध्ये ठेवली, वर झाकण लावलं, आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"बटण दाबायचं असतं फक्त," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.