हेमराजचा पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्यासोबत उभा जन्म मास्तरकी केली त्या मित्रांना तर नाहीच. विषय त्या बाजूला वळायला लागला की मी काहीतरी विनोद करतो आणि निसटतो – त्यात मी पटाईत आहे. आज निसटायचं नाही असं ठरवून बसलोय. जमेल का? पाहू.

मी फुटबॉलचा मास्तर होतो. कागदावर शास्त्र आणि आरोग्य शिकवायचो, पण मला नोकरीवर घेतलं ते नागपुरात कॉलेजकडून खेळलो होतो म्हणून. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. रेल्वेतल्या बंगाली बाबूंनी गावाला फुटबॉलचं वेड लावून ठेवलेलं. सामना असला की राइस मिलचे हमाल आणि मिलचे शेठ एकाच दोरीला टेकून उभे राहत. आमच्या हेडमास्तरांना शाळेसाठी स्पर्धेची ढाल हवी होती. ते मला म्हणायचे, "आप ढाल लाइये मास्टरसाहब, बाकी हम देख लेंगे."

पण बाकीचं त्यांच्या हातात नव्हतं. राज्याच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आणि ट्रेनिंग न झालेल्या मास्तरांचं धाबं दणाणलं. ट्रेनिंग नाही तर नोकरी कायम नाही, अशी हवा होती. गावातच एक प्रशिक्षण वर्ग निघाला. अर्धा दिवस शाळा, मग तो वर्ग, आणि मग सायकल मारत मैदान. माझ्या कॅरिअरला तक्ते बांधलेले असायचे आणि खिशात शिट्टी. दोन डगरींवर पाय म्हणतात ना, तसं. लग्न नुकतं झालं होतं, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. नोकरी गेली असती तर – जाऊ द्या. ही सबब होईल, आणि सबबी सांगायला मी बसलेलो नाही.

प्रशिक्षण वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला आपल्याच शाळेत, निरीक्षकांसमोर पाठ द्यावा लागे. हा पाठ म्हणजे काय चीज असते ते मास्तर मंडळींनाच ठाऊक. प्रश्न आधी ठरलेले, उत्तरं आधी पाठ करून घेतलेली. उत्तर येत असलेल्या मुलाने उजवा हात वर करायचा, येत नसलेल्याने डावा. सगळा वर्ग हात वर करतो, निरीक्षक खूश होतात, आणि मास्तर फक्त उजव्या हातांना उठवतो. सगळेच करत. मीही केलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाठातलं पाठात, जगण्यातलं जगण्यात.

माझ्या पाठाचा विषय होता जखमांची काळजी.

ज्या वर्गाला मी तो पाठ देणार होतो, त्याच वर्गात हेमराज होता. जवळच्या मुर्री गावच्या पवारांचा मुलगा, वडिलांची धानाची शेती. माझ्या संघाचा तो कणा होता – मधल्या फळीत उभा राहिला की समोरून चेंडू सरकत नसे. अंगाने दांडगा, बोलायला लाजरा. त्याला संघात घेतला तेव्हा त्याचे वडील टीकारामजी शाळेत आले होते. म्हणाले, "खेळू द्या जी. पन तुमी सांगान तेच तो करन, तेवढं ध्यानात ठेवा. पोट्टा तुमच्या हवाली हाये." मी हसलो होतो. आईबाप असं म्हणतातच, नाही का? पण त्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. डावीकडे जा म्हटलं की तो डावीकडे जायचा, तिथे भिंत असली तरी.

आमचं मैदान म्हणजे बैलबाजाराची जागा. आठवड्यातून एकदा तिथे बैल उभे राहत, नालबंद बसे, जुने नाल उपटून नवे ठोकले जात. बाजार उठला की मातीत शेण आणि वाकडे, गंजलेले खिळे उरायचे. आणि आमची मुलं अनवाणी खेळायची. बूट कोणाच्या बापाकडे होते? म्हणून आमची एक रीत होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सराव सुरू करण्याआधी अख्ख्या संघाने खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि मान खाली घालून, पावलापावलाने, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दिसेल तो खिळा उचलायचा आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मी मधोमध चालायचो. माझ्याआधी कोणी हे करत नव्हतं, ही रीत मीच घातली होती, आणि तिचा मला अभिमान होता.

त्या दिवशी प्रशिक्षण वर्ग लांबला. मी मैदानावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंतिम सामना परवावर आलेला. मुलं रांग धरून तयार उभी होती – माझीच वाट पाहत. आणि मी म्हणालो, "आज राहू द्या खिळे. चेंडू घ्या."

हेच का ते? नाही. हे असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. चूक कोणाच्या हातून होत नाही?

खिळा हेमराजच्याच टाचेत गेला. चांगला खोल. त्याने स्वतःच तो उपसून काढला आणि लंगडत माझ्याकडे आला. रक्त थांबेना. कडेला विडी कामगारांची पोरं बसली होती, त्यांच्याकडून मी विडीची तंबाखू मागून घेतली आणि जखमेत दाबून भरली. आमच्याकडे सगळे तेच करत. वर माझ्या रुमालाची पट्टी. हेमराज माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "सर, पाठात तं तंबाखू भरू नये म्हून हाये."

होतं. मीच लिहून दिलं होतं. मीच तक्ता काढला होता – एक पाऊल, त्यावर जखम, आणि बाजूला माती, शेण, तंबाखू यांच्यावर लाल फुल्या. तो लाल रंग माझ्या नखांत अजून होता.

मी म्हणालो, "ते पाठासाठी रे."

आसपासची मुलं हसली. तोही हसला. मग त्याने विचारलं, "दवाखान्यात जाऊ का, सर? सुई घेऊन येतो." दवाखान्यात गेला असता तर डॉक्टरने पाय बांधला असता आणि खेळू नको म्हणून सांगितलं असतं. हा हिशोब माझ्या डोक्यात किती झटकन झाला म्हणून सांगू! शिकवायला मला तास लागतो, हे क्षणात झालं. मी म्हणालो, "सामना होऊ दे. मग पाहू."

तो बरं म्हणाला.

सामना आम्ही जिंकला. हेमराज त्या पायाने शेवटपर्यंत खेळला, ढाल आली, हेडमास्तरांनी पेढे वाटले. रेल्वेचे बाबू मला मिठ्या मारत होते. त्या गडबडीत "मग पाहू" हे माझ्या लक्षात राहिलं का? राहिलं होतं. खोटं कशाला बोलू. पण तो चालत होता, जखम वरून मिटली होती, आणि पुढच्या आठवड्यात माझा पाठ होता. मी स्वतःला सांगितलं, काही होत नाही. खेड्यातल्या मुलांना खिळे लागतच असतात.

पाठाच्या दिवशी सकाळी मी वर्गाच्या दारात सायकलवरचे तक्ते सोडत होतो. निरीक्षक हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले होते. हेमराज माझ्याजवळ आला. पहिल्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर त्याच्याकडे होतं, घडाघडा पाठ. तो दात आवळल्यासारखा बोलला, "सर, तोंड उघडून नाही राह्यलं."

हे ऐकून मला काय वाटलं? राग आला. एवढी तालीम केली आणि ऐन वेळी हा असा! मी म्हणालो, "दाढ दुखत असेल. आज डावा हात वर कर."

तो जाऊन जागेवर बसला.

पाठ सुंदर चालला होता. माझा आवाज लागला होता. माती, शेण, तंबाखू – छडी एकेका फुलीवर टेकवत मी पुढे गेलो. मग ठरलेला प्रश्न विचारला: धनुर्वाताचं पहिलं लक्षण कोणतं? सगळे हात वर गेले. हेमराजचा डावा हात. मी दुसऱ्या मुलाला उठवलं आणि त्याने शिकवल्याप्रमाणे खणखणीत उत्तर दिलं, "जबडा धरतो, तोंड उघडत नाही."

तेव्हा मला कळलं. नंतर कळलं असं म्हणायला फार आवडलं असतं – पण तेव्हाच कळलं. हेमराज माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता तो. मी काय सांगतो त्याची वाट बघत होता, मैदानावर बघायचा तसा. मागच्या बाकावर निरीक्षक बसले होते. मी एक वाक्य बोललो असतो – साहेब, माफ करा, या मुलाला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं – तर काय झालं असतं? पाठ मोडला असता. आणि कदाचित कोणीतरी विचारलं असतं, जखम केव्हाची, आणि तीत तंबाखू कोणी भरली.

मी "शाब्बास" म्हणालो आणि पुढचा तक्ता टांगला.

पाठ संपल्यावर निरीक्षकांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत थांबवून घेतलं. चहा झाला, कौतुक झालं. बाहेर आलो तर हेमराज घरी निघून गेला होता, चालत. मुर्री काही लांब नाही. सायकल दाराशी होती. मी गेलो नाही. सकाळी जाऊ म्हटलं – आणि खरं सांगू? मला त्याच्या घरच्यांसमोर उभं राहायची भीती वाटली.

सकाळी गेलो तेव्हा घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, बैलांच्या रेंगीत घालून दवाखान्यात नेलाय. मी दवाखान्यात पोचलो. त्याचं अंग धनुष्यासारखं ताठत होतं – हे आम्ही पाठात शिकवतो, पाहिलेलं नसतं. भांड्याचा आवाज झाला तरी त्याला झटका येई. डॉक्टर चिडून टीकारामजींना विचारत होते, सुई काऊन नाही दिली, जखमेत तंबाखू कोणी भरली? टीकारामजी हात जोडून उभे. त्यांना ठाऊकच नव्हतं. हेमराजला सांगता येत नव्हतं, त्याचे दात घट्ट मिटलेले. आणि मला त्याचं – त्याला सांगता येत नाही याचं – बरं वाटलं. एवढा नीच मी स्वतःला आयुष्यात दुसऱ्या कशाने वाटलेलो नाही.

त्याने मला पाहिलं. डोळे तेवढे हलत होते. मी जवळ गेलो नाही.

तो गेला. शाळेला सुट्टी दिली, शोकसभेत मी बोललो, चांगलं बोललो. प्रशिक्षणात माझा पाठ सर्वांत वरचा ठरला आणि मी कायम झालो. पुढे कितीतरी वर्षं आरोग्य शिकवलं. तो तक्ता मात्र पुन्हा टांगला नाही, नवा काढला.

आता उरलं ते सांगतो. एवढा वेळ मी याच्याभोवतीच घिरट्या घालतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तेरवी झाल्यावर टीकारामजी शाळेत आले. डोकं भादरलेलं, अंगावर धुतलेलं धोतर. मी ओट्यावर उभा होतो. त्यांनी मला बाजूला बोलावलं. आवाज अगदी साधा होता, त्यात संशय नव्हता. म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? त्याची माय इचारून राह्यली म्हून आलो. तुमाले ठाऊक होतं का जी, खिळा घुसला म्हून?"

मी हो म्हणालो. एवढं तरी खरं.

"मंग दवाखान्यात जा म्हून सांगतलं होतं का?"

विचार करायला वेळ होता मला. टीकारामजी घाईत नव्हते. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं, आणि मैदानावरची मुलं माझ्याविरुद्ध तोंड उघडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. नाही म्हणायचं – एवढंच होतं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. तंबाखू भरू नको म्हणूनही सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही."

टीकारामजींनी मान खाली घातली. आपलं पोरगं असं करेल हे त्यांना पटत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी गुरुजी होतो. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्यासमोर हात जोडले.

"माफी करा जी," ते म्हणाले. "जलमात पहिल्यांदा त्यानं तुमचा शबद मोडला. त्याच्या वतीनं मी माफी मांगतो."

आणि मी त्यांचे हात धरले. म्हणालो, "असू द्या, टीकारामजी. मी त्याला माफ केलं."