डावीकडे ओढणारी गाडी

आमची गाडी माझ्याहून फार लहान नाही. गोल टपाची, पांढरी, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. ह्यांचे गुडघे गेले तेव्हा चाळिशी उलटलेली मी ती चालवायला शिकले. आमच्या मेडशीत लोक वळून बघायचे. मी बघू दिलं.

यंदा सोयाबीन निघालं आणि गाडीचा ब्रेक बिघडला. पाय दाबला की खरखर यायची आणि गाडी डावीकडे ओढायची. मालेगावच्या रस्त्यावर एकदा तर थेट कडेच्या बाभळीपर्यंत गेली. धाकटे दीर सोबत होते. वहिनीच्या हातात गाडी राहिली नाही, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला सांगितलं. मग स्वतःच वाशिमहून मेकॅनिक आणला. त्यानं एक चक्कर मारली आणि पुढचं डावं चाक खराब आहे, सामान मिळत नाही, भंगारात द्या, असं दिरांना सांगितलं. किल्ली माझी होती, पण माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"इकून टाका वहिनी," दीर म्हणाले. "काहून जिवाशी खेळून राह्यल्या?"

"इकायचं असन तं तुमची मोटारसायकल इका," मी म्हणाले. "गाडी माही हाय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही काचा खाली करून शाळेच्या भिंतीलगत गाडी हळू चालवली, ब्रेक दाबत दाबत. भिंत डाव्या हाताला होती तेव्हा खरखर जेमतेम ऐकू आली. वळून परत आले, भिंत उजवीकडे आली, तशी तीच खरखर भिंतीवर आपटून कानात शिरली. बिघाड उजव्या चाकात होता.

अंगणात मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळे दिले. हे खुर्ची टाकून बसले. ड्रम गंजून बसला होता. हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत राहिले तेव्हा कुठं सुटला. आतली लायनिंग पार झिजून रिव्हेट उघडे पडले होते आणि त्यांनी ड्रमला चर पाडले होते. त्यात ब्रेक ऑइल गळून सगळं ओलं. उजवं चाक धरतच नव्हतं. डावं एकटं धरायचं, म्हणून गाडी तिकडे जायची. खात्रीसाठी डावंही उघडलं. ते चांगलं होतं.

ह्यांनी विचारलं, आता कोणाला बोलवायचं? मी म्हटलं, कोणालाच नाही.

ड्रम आणि दोन्ही चाकांचे, लायनिंग बसते ते ब्रेक शू पिशवीत घालून एसटीनं अकोल्याला गेले. लेथवाल्यानं ड्रमला हात लावायला नकार दिला. चर खोल आहेत, घासला तर पातळ होईल, म्हणाला. खरंच होतं ते. मग भंगारबाजार पालथा घातला, तसाच दुसरा ड्रम शोधला आणि सगळ्या शूंना नवी लायनिंग लावून घेतली. जिथून ऑइल गळत होतं तिथलं रबरही नवं घेतलं.

ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायला दुसरं माणूस लागतं. हे दुखऱ्या गुडघ्यानं दाबत राहिले. थांबायचं का, असं मीच दोनदा विचारलं. त्यांनी पुन्हा पेडल दाबलं.

रिकाम्या रस्त्यावर नेऊन ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली.

आज थांबली, उद्याचं काय, असं दिरांनी विचारलंच. उद्याही मीच चालवीन, म्हटलं.

पुढच्या रविवारी नात्यातल्या लग्नाला शिरपूरला जायचं होतं. दिरांना गाडीत जागा देऊ केली. ते एसटीनं आले. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पंगत बसत होती. ते आले तेव्हा उठत होती.