आप्पांना फक्त ॲलर्जी आहे

आमच्या काउन्सेलिंगच्या खोलीची खिडकी कायम उघडी ठेवायचा नियम आहे. खोकल्यातले जंतू तिथून बाहेर जातात. किस्से मात्र जात नाहीत, साचत राहतात! भोपाळच्या एका हॉस्पिटलमधल्या एचआयव्ही विभागात मी काउन्सेलर आहे, आणि यातले बहुतेक किस्से पेशंटचे नसतातच. ते असतात पेशंटबरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांचे. आजार तरुण पोराचा, मतं सगळी यांची!

आज एकाच घराचे सांगते. पोराने परवानगी दिली आहे. नावं बदलली आहेत, शहाणपणा जसाच्या तसा ठेवला आहे.

*

विशाल भोपाळजवळच्या मंडीदीपला एका फॅक्टरीत पॅकिंगला. रोज संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. तपासलं तर एचआयव्ही आणि टीबी, दोन्ही एकदम निघाले. सोबत वडील, म्हणजे आप्पा. मोठ्या कारखान्यातून रिटायर, घर आनंद नगरला. आणि आप्पांची बहीण. विशालची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याबाईंच्या ताब्यात.

मी समजावलं, "एचआयव्हीने शरीराचा पहारा ढिला पडतो. एरवी गप्प बसणारे जंतूही मग आत घुसतात. टीबी तसाच घुसलाय. आधी त्याचं औषध, पाठोपाठ एचआयव्हीच्या गोळ्या. नीट घेतल्या तर विशाल चांगला म्हातारा होईल."

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पुढे झुकून म्हणाल्या, "टायफॉईड लिहून मिळेल का? कॉलनीत आम्ही तेच सांगितलंय."

"मग औषधंही टायफॉईडचीच देऊ का?"

"छे! औषधं खऱ्या आजाराची द्या. नाव तेवढं आमच्या पसंतीचं लिहा!"

*

विशालची प्रतिकारशक्ती फारच खाली होती, म्हणून डॉक्टर मॅडमनी एक जास्तीची गोळी सुरू केली. फुप्फुसात, मेंदूत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून. आप्पांनी ती बंद केली. "जो आजार झालाच नाही, त्याचं औषध कशाला?"

मी विचारलं, "आप्पा, कारखान्यात तुम्ही काय करायचात?"

छाती फुगली. "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स! मशीन बिघडायच्या आधीच आमची टीम हजर."

"न बिघडलेलं मशीन उघडायचात?"

"उघडावंच लागतं, बेटा."

"मग पोराचं का नाही?"

आप्पांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "मशीन फार महाग असतं."

विशाल शेजारीच बसला होता.

*

घरी विशालचं ताट वेगळं, कप वेगळा, टॉवेल वेगळा. "मॅडम, एकदम हॉटेलमध्ये राहिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "फक्त रूम सर्व्हिस दारातूनच परत जाते."

मी दोघा ज्येष्ठांना सांगितलं, "एचआयव्ही कपातून पसरत नाही. टीबी मात्र हवेतून पसरतो. आणि आप्पा, तुम्ही मघापासून खोकताय. तुमची थुंकी तपासायला हवी."

"मला ॲलर्जी आहे. घरासमोरच्या रायसेन रोडची धूळ."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"ह्या दिवाळीपासून?"

आप्पा छताचा पंखा बघू लागले. आत्याबाई करवादल्या, "अगं, आजारी कोण आहे, तू तपासतेस कोणाला?"

*

मग आली ताकद वाढवायची मोहीम. आप्पांच्या मॉर्निंग वॉकच्या मित्राने सांगितलं, पोराला अंडी द्या. आता आत्याबाईंच्या स्वयंपाकघराचा कायदा असा, की अंडं घरात चालतं, शिजवायला बंदी! भांडी बाटतात. तेव्हा आप्पा रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून न तापवलेल्या दुधात कच्चं अंडं फेटायचे आणि विशालला पाजायचे.

थोड्याच दिवसांत विशाल स्ट्रेचरवरून आला. फणफणून ताप, जुलाब, शुद्ध हरपत चाललेली. जंतू थेट रक्तात पोहोचले होते. त्या रात्री डॉक्टर मॅडमनी कसलंच आश्वासन दिलं नाही.

सकाळी मी त्या कच्च्या अंड्या-दुधाबद्दल विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "दुधाला नावं ठेवू नकोस हं. ओळखीच्या म्हशीचं आहे!"

"जंतूंशीही ओळख करून दिली होती का?"

त्यांनी माझी तक्रार करायची धमकी दिली. मी तक्रार घेणाऱ्या साहेबांच्या खोलीचा नंबर सांगितला.

*

विशाल वाचला. घरी सोडायची वेळ आली तेव्हा मी आप्पांना पुन्हा थुंकीचं विचारलं. ते म्हणाले, "समजा, निघालाच टीबी. लोक म्हणतील, मुलाकडून आला."

"मुलाला तुमच्याकडून आला असेल तर?"

"बाप मुलाला आजार देतो होय?" चेहरा लालबुंद. मग एकदम आवाज मऊ. "बेटा, तुझं लग्न झालंय का?"

माझ्या प्रश्नांवर आजवर मिळालेल्या उत्तरांत हे माझं सगळ्यात लाडकं. मी म्हटलं, "तुमचा रिपोर्ट आला की पत्रिका घेऊन येते."

शेवटी विशालच बोलला. "मॅडम, मी घरी जातच नाही. मंडीदीपला मित्राची खोली आहे."

आप्पा हादरले. बाप जिवंत असताना पोरगा दुसऱ्याच्या खोलीवर? कॉलनीत काय सांगायचं? पोराच्या जिवासाठी जे झालं नाही, ते लोकांच्या तोंडासाठी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी थुंकीची डबी माझ्या टेबलावर! ती लॅबमध्ये द्यायची असते हे ऐकायलाही ते थांबले नव्हते.

*

रिपोर्ट पॉझिटिव्ह. टीबी.

आत्याबाई त्याच संध्याकाळी उज्जैनला लेकीकडे गेल्या, डोळे दाखवायला. मी फोन केला, "आत्याबाई, तुम्ही एकाच घरात होतात. तिकडे छातीचा एक्स-रे काढून घ्या."

"हळू बोल गं," त्या कुजबुजल्या, "जावई जेवतायत!"

"मग तर आजच काढा."

फोन कट.

*

आप्पांचा पहिला डोस आमच्यासमोरच होता. आप्पा तोंडाला मास्क लावून, गोळ्या हातात घेऊन बसून राहिले. मोठ्या आहेत, मग घेतो, घरी घेतो, उपाशीपोटी नको. मी सांगितलं, रोज समोर उभं राहून गोळ्या गिळल्या की नाही हे बघणारं घरातलं कुणीतरी हवं. कोण बघेल?

आप्पांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"मी बघेन," विशाल म्हणाला. तो आता जरा भरला होता. खुर्ची सरकवून तो आप्पांच्या अगदी समोर येऊन बसला. आप्पा आपसूक मागे सरकले, पण मागे भिंत होती.

विशालने त्यांच्या मुठीतल्या गोळ्या काढून आपल्या तळहातावर घेतल्या.

"आ करा, आप्पा."

आप्पा त्या तळहाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"हात धुतलेस का?" त्यांनी विचारलं.

"धुतलेत. आ करा."

आप्पांनी मास्क खाली ओढला आणि आ केला.