आईचा हात आणि गरम पाण्याचं गाव

जपानला जायचं निमित्त माझ्या नोकरीचं होतं. मी जर्मनीत एर्लांगेनला एका कंपनीत दवाखान्यातल्या स्कॅनिंगच्या मशीनवर काम करत होते आणि त्या वर्षी नोव्हेंबरात ओसाकाला परिषद होती. तीन दिवस परिषद, पुढे शनिवार-रविवार मोकळा. आई त्याच वेळी नागपूरहून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे येणार होती. तिला इथून एकटीला परत पाठवण्यापेक्षा आपल्याबरोबर जपानला न्यावं, दोन दिवस फिरवावं आणि तिथून भारताच्या विमानात बसवावं, असं मी ती यायच्या आधीच ठरवून टाकलं. जपानचा व्हिसाही तिने निघण्यापूर्वी एजंटकडून काढून घेतला होता. मी एकटी राहते आणि मला सगळं आधी करून टाकायची खोड आहे. त्यामुळे माझ्याबरोबर प्रवास करायला सहसा कोणी तयार होत नाही. आईचा नाइलाज होता.

कुठे जायचं, हे मात्र तिनं ठरवलं. मला वाटलं होतं, ती देवळं-विहार बघायचं म्हणेल. बौद्ध माणूस जपानला जातो तर आणखी काय बघणार? मी लॅपटॉपवर तिला तीन-चार मोठ्ठी देवळं दाखवली. तिनं ती शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी मान हलवत बघितली. मग पुढच्या पानावर एका गावाचा फोटो आला. मधून नदी, तिच्यावर छोटे छोटे पूल, सुती झगे घालून रस्त्यानं चाललेली माणसं, आणि एक दगडी कुंड, त्यातून वाफ निघतेय.

"हे पाणी कोण तापवते?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. जमिनीतूनच गरम येतं. दिवसभर येतच राहतं."

"दिवसभर?"

"हो."

"इथं जाऊ," ती म्हणाली. "विहार काय, आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. आमच्याकडे सकाळी चुलीवर एक पातेलं पाणी तापायचं. त्यातलं आधी वडिलांना, मग काकांना, मग आम्हा भावंडांना, आणि उरलंसुरलं कोमट असेल ते आईला. पुढे निवृत्तीच्या सुमारास घरात गिझर आला, तरी ती अर्धीच बादली घ्यायची. सवय. आता गुडघे पार गेले होते. माझ्याकडे नुसता शॉवर, त्याखाली ती भिंतीला धरून उभी राहायची. "अख्खं अंग बुडंल एवढं गरम पाणी मी जन्मात पाहिलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं म्हणाली. मी मनात पक्कं केलं, बाकी काही होवो न होवो, हिला त्या कुंडात बसवायचंच.

मग मी कामाला लागले. दहा वर्षं जर्मनीत राहिल्यावर माणूस सहलीसाठीही ऑर्डनर करतो, म्हणजे ती जाडजूड फाईल, आत रंगीत पानं घालून विभाग पाडलेली. माझ्या ऑर्डनरमध्ये गाड्यांच्या वेळा होत्या, जिथे गाडी बदलायची तिथे लिफ्ट कुठे आहे त्याचा नकाशा होता, आईच्या गोळ्यांची यादी होती. आई चष्मा लावून रोज संध्याकाळी त्यात काय नवीन लागलं ते बघायची. "तुझ्या लग्नाची तयारी इतकी केली असती तर झालं असतं," असं एकदा म्हणून घेतलं तिनं.

त्या गावातल्या एका सराईत आम्ही नेटवर खोली बघितली. त्यांच्या नियमांचं एक पान होतं. आधी अंग स्वच्छ धुवून मग पाण्यात उतरायचं. केस वर बांधायचे. अंगावर एकही कपडा ठेवायचा नाही. हे वाचून मीच संकोचले. आमच्या टीममधले लोक हिवाळ्यात सौनाला जातात, म्हणजे कपडे काढून वाफेच्या खोलीत बसायला, आणि मी दहा वर्षं काही ना काही सबब सांगत आले होते. आईला कसं सांगावं, हा प्रश्न होता. शेवटी सांगितलं.

"बायाबायाच ना?"

"हो. बायकांचं वेगळं."

"मग? दोन बाळंतपणं झाली माझी सरकारी दवाखान्यात. मले काय शिकवते तू."

विषय संपला. पण नियमांच्या पानावर सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती: अंगावर गोंदलेलं असेल त्यांनी कृपया सार्वजनिक कुंडात उतरू नये.

आईच्या डाव्या हातावर, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत गोंदलेलं आहे. तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना ठिपके आणि खाली 'राम'. ती पाच-सहा वर्षांची असताना गावात गोंदणारी आली होती, तेव्हाचं. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच आजोबांनी घरादारासकट दीक्षा घेतली. घरातले देव एका फडक्यात बांधून नदीत सोडले. हातावरचा राम तेवढा राहिला. आई वर्षानुवर्षं पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा, घामानं निथळत. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला ठाऊकच होतं. धम्म स्वीकारलेल्या बाईनं रामाचं नाव मिरवायचं कशाला? मी हे इथल्या मित्रमैत्रिणींना सांगितलंही होतं, जरा अभिमानानंच.

आता जपानी लोक गोंदणाला का भितात, तर तिथल्या गुंडांची ती खूण आहे म्हणून. सदुसष्ट वर्षांची, गुडघे धरून चालणारी माझी आई काही गुंडांच्या टोळीतली वाटली नसती. ठिपके पुसट झालेत, लांबून तर नुसती निळी सावली दिसते. पण मी पडले नियमाची. जर्मनीत एक गोष्ट अंगात मुरते: जे काय असेल ते आधी लेखी विचारून घ्या, म्हणजे ऐनवेळी कटकट नको. मी सराईला सविस्तर ईमेल लिहिली. आईचं वय, गोंदणाची परंपरा, किती इंच लांब, किती रुंद. फोटोसुद्धा जोडला असता, पण आईला बाही वर करायला सांगायचा संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. इतकं नम्र, की नकार शोधायला दोनदा वाचावं लागलं. आमच्या येण्याचा त्यांना फार आनंद होता. आईंच्या परंपरेबद्दल त्यांना आदर होता. परंतु इतर पाहुण्यांचा विचार करता, क्षमा असावी. गोंदण पट्टीनं पूर्ण झाकता आलं तर गोष्ट वेगळी.

आमच्या विभागात एक जपानी सहकारी होती. तिला मी ती ईमेल दाखवली. ती वाचून म्हणाली, "पण तू विचारलंस कशाला? आजीबाईंच्या हाताकडे कोणी बघितलं नसतं. लेखी विचारल्यावर त्यांना नियमच सांगावा लागतो." मग तिनं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे अंगाच्या रंगाच्या पट्ट्या मिळतात, त्या चिकटवायच्या. दुसरी, सराईत घरच्या माणसांसाठी एक छोटं कुंड असतं, ते तासाभरासाठी घ्यायचं आणि दार लावून बसायचं. मी लगेच पट्ट्या मागवल्या. फोटोतलं कुंड मोठं होतं, उघड्यावरचं. आईनं ते बघून गाव ठरवलं होतं. तिला कोपऱ्यातल्या लहान कुंडात का बसवायचं?

घरी येऊन आईला सांगितलं. जमेल तितकं गुळगुळीत करून सांगितलं: त्यांचे काही नियम आहेत, थोडी अडचण आहे, पण मी बघते.

"सरळ सांग ना," आई मेथी निवडत होती. "पाण्यात उतरू नका असं लिहिलं आहे."

"तसं नाही गं, म्हणजे..."

"तसंच आहे. आमच्या गावात विहिरीवर असं लिहून नव्हते कळवत. तोंडावर सांगत. हे लोक सभ्य आहेत." तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. "अन् तू आपण होऊन विचारलं. हात दाखवून अवलक्षण."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. इतके दिवस मी हे सगळं ऑर्डनरमधली एक अडचण म्हणून हाताळत होते, डॉक्टरची टर्मीन, म्हणजे ठरलेली वेळ, हलवावी तशी. विहीर माझ्या डोक्यातही आली नव्हती. आमच्या पिढीला पाणी नळातून मिळालं. आईला आठव्या वर्षापर्यंत दुसऱ्यानं वरून ओतायची वाट बघत उभं राहावं लागलं होतं, आणि मी तिच्या वतीनं, इंग्रजीत, अदबीनं, विचारून घेतलं होतं की ही बाई तुमच्या पाण्याला चालेल का.

"रद्द करू का?" मी विचारलं.

"काहून? पाणी त्यायच्या बापाचं आहे का?" ती म्हणाली. "जमिनीतून येते म्हणाली ना तू."

म्हणजे तिला जायचं होतं. बाकी काही नाही, तरी एवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला.

आठवड्याभरात पट्ट्या आल्या. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी आईला बसवलं. तिनं बाहीची बटणं काढली आणि हात पुढे केला. मी पट्टी सोलून चिकटवली आणि कपाळाला हात लावला. अंगाचा रंग, पण कोणाच्या अंगाचा? ती पट्टी फिकट गुलाबी-पांढरी होती. आईच्या सावळ्या हातावर ती भिंतीवर चुन्याचा पोपडा यावा तशी दिसत होती. एक पट्टी पुरेना, म्हणून दुसरी, मग तिसरी. आता हात नुसता दिसत नव्हता, ओरडत होता. आई बघून खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला हसू येत नव्हतं. मी चिडले होते, पट्टीवर, त्या सराईवर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. चिडलं की मी वाट्टेल ते बोलते.

"कॉफी पावडर मिसळून काहीतरी लावू वरून," मी म्हणाले. "एवढं काय त्यात? तसंही जन्मभर झाकतच आलीस. दीक्षेनंतर ते नको होतं ना तुला हातावर."

आई हसायची थांबली. "कोण म्हणे नको होतं?"

"मग पूर्ण बाह्या कशाला घालतेस?"

ती पट्टी एका टोकाकडून हळूहळू सोलायला लागली. "बाबांनी देव नदीत सोडले तेव्हा मी त्यायले विचारलं होतं, हाताचं काय करू? बाबा म्हणाले, राहू दे, तो हात तुझा आहे, देवाचा नाही. मी पंधरा वर्षं अर्ध्या बाह्यांनी शाळेत शिकवलं. पोरं फळ्यापेक्षा माझ्या हाताकडं जास्त पाहत." पट्टीला ठिपक्यांवरचे दोन-चार केस चिकटून निघाले, तिनं 'स्स' केलं. "तू सहावीत होती. बक्षीस समारंभ होता तुझ्या शाळेत. तू म्हणाली, फुल बाह्यांचं घाल, नाही तर येऊ नको."

मला आठवलं. आठवायला काही वेळ लागला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण लगेच आठवलं. आम्ही तेव्हा नागपुरात नवीन होतो. शाळेत एकदा आई मला न्यायला आली होती आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, तुझ्या आईच्या हातावर आहे ना, तसं आमच्या भांडेवालीच्या हातावर आहे. मी घरी येऊन आईला त्या मुलीचं काही सांगितलं नाही. फक्त बाह्यांचं सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कापड घेऊन शिंप्याकडे गेली. समारंभाला आली, मागच्या रांगेत बसली, टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून कपाटात एकही अर्ध्या बाहीचं ब्लाउज राहिलं नाही, आणि त्याचं श्रेय मी धम्माला देऊन मोकळी झाले होते.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न. कधी सांगणार होती?

"तू कुठं विचारलं?" तीनही पट्ट्या काढून तिनं त्यांची गोळी केली. हात लाल झाला होता. "आता सांग. तिथं झाकू का?"

"नको," मी म्हणाले.

माफी मागायला हवी होती, ती मला जमली नाही. आम्ही माफी मागणारी माणसं नाही, चहा करून देणारी आहोत. मी चहा केला. मग लॅपटॉप उघडून सराईचं ते छोटं कुंड जपानातल्या रविवारच्या सकाळसाठी मागितलं. अर्जात माणसं किती, असा रकाना होता. मी 'एक' लिहिलं. मी बाहेर बसून वाट बघणार होते, टॉवेल घेऊन.

आई मागून वाचत होती. "एकटी काय करू तिथं? दोन लिही."

मी दोन लिहिलं.

त्या रविवारी सराईत पोचल्यावर आमचं कुंड फोटोतल्या मोठ्या कुंडापुढे खूपच लहान निघालं, दोघी बसलो की गुडघ्याला गुडघे लागत होते. आईनं गळ्यापर्यंत अंग बुडवलं आणि डोळे मिटले. डावा हात तिनं काठाच्या दगडावर मोकळा टाकला होता. मग डोळे न उघडता म्हणाली, "लहान होती गं तू तेव्हा."

मी अकरा वर्षांची होते. अकराव्या वर्षी सगळं कळतं.